ठेवून घेतलेले आभार

घोडेगावच्या कोर्टामागे पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागून वकीलसाहेबांची खोली. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळे त्यांच्या फायलींवर कायम पिठाचा थर असे आणि ते कायम ओरडून बोलत. गिरणी थांबली तरी पहिली दोन-तीन वाक्यं त्याच पट्टीत यायची. पक्षकाराची गुपितं बाजरी दळायला आलेल्या बायकांना न्यायाधीशांच्या आधी कळत. त्यांचा काळा कोट खांद्यांवर पांढरा दिसे. कोर्टात जाण्यापूर्वी ते तो गिरणीवाल्याकडून झाडून घेत आणि गिरणीवाल्याच्या हातांना पीठ असल्यामुळे तो होता तसाच राही.

ते जमिनीचे वकील होते. बांध, वाटप, वहिवाट, विहिरीतला हिस्सा. आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांबाहेर त्यांनी कधी वकीलपत्र दाखल केलं नाही. बांधाचा दावा घेण्यापूर्वी ते तो बांध अनवाणी चालून येत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बुटं हातात धरून. "कागदावर बांध सरळ असतो," ते म्हणत, "पायाला कळतं कुठं कोरलाय." पावसाळ्यात चिखलाने भरलेले पाय घेऊन ते तसेच एसटीत बसल्याचं पाहिलेली माणसं अजून आहेत.

दुसरी सवय दशक्रियेची. आमच्या भागात दहावा हा सार्वजनिक कार्यक्रम असतो. सकाळी नदीच्या घाटावर मांडव, प्रवचन, मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. सरपंचापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे बोलतात. वकीलसाहेब कोर्ट भरण्यापूर्वी स्कूटरवरून अशा एका तरी दहाव्याला जात. ओळख असो, नसो. पुढे कधी बसत नसत. मागे, गाड्या लावलेल्या असत तिथे उभे राहत, सगळी भाषणं ऐकत आणि जेवणाआधी निघून जात. लोक म्हणत, "दहाव्याला कावळा येवो न येवो, वकील येतोच." हे त्यांच्या कानावर होतं. कोणी तोंडावर म्हटलं की ते म्हणत, "कावळा शिवून उडून जातो, राव. मी शेवटपर्यंत थांबतो."

त्यांचं म्हणणं असं, की कोणता भाऊ कोणाशेजारी बसला नाही हे घाटावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं कोणत्याही कैफियतीत दिसत नाही. धंद्यासाठी जात असतील असं वाटणं साहजिक होतं. पण घाटावर त्यांनी कोणाला पत्ता दिल्याचं ऐकिवात नाही.

माझ्या बहिणीच्या दहाव्यालाही ते आले होते. मला ते पाच महिन्यांनी कळलं.

आक्का कळंबला दिली होती. तिचं वय चव्वेचाळीस. पित्ताशयात खडे झाले म्हणून महामार्गावरच्या एका खासगी रुग्णालयात मंगळवारी सकाळी तिचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गुरुवारी घरी सोडू, असं सांगितलं होतं. बुधवारी दुपारी पोट फुगलं, ताप आला. गॅस धरलाय, चालवा, असं सांगण्यात आलं. मी रजा काढून तिथेच होतो. दाजींनी तिला व्हरांड्यात चालवलं. गुरुवारी ती चालू शकली नाही. शुक्रवारी दुपारी अँब्युलन्सने पुण्याला हलवलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तपासून एकच विचारलं, "दोन दिवस आधी का नाही आणलंत?" रविवारी सकाळी ती गेली.

त्या वेळी मी पुण्यातल्या एका दैनिकात बातम्या तपासण्याच्या टेबलावर होतो. दहाव्याला दाजींनी दोन शब्द बोलायचे होते. ते म्हणाले, "पावणं, तुमीच लिहून द्या. मला सुधरायचं न्हाई." मी पंधरा ओळी लिहून दिल्या. अकरावी ओळ अशी होती: "डॉक्टरांनी शर्थीचे प्रयत्न केले, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत, परंतु नियतीपुढे कोणाचे काही चालले नाही." हे वाक्य गावोगावच्या वार्ताहरांच्या मजकुरात येतच असे आणि मी ते कापतच असे. दाजींनी ते तसंच वाचलं. रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर पहिल्या रांगेत होते. त्यांनी हात जोडले. मुंबईच्या नातेवाइकांसाठी कार्यक्रम मोबाईलवरून थेट दाखवला जात होता.

कावळा अर्धा तास शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून काम उरकलं.

पुण्याच्या डॉक्टरचा प्रश्न दाजींच्या डोक्यातून गेला नाही. माझ्याही गेला नाही. तिसऱ्या महिन्यात आम्ही वकील शोधायला लागलो.

मंचरच्या पहिल्या वकिलांनी चहा मागवला आणि म्हणाले, "डॉक्टर आपल्यातलेच आहेत. बसून बोलू की." पुण्याच्या दुसऱ्यांनी माझा व्यवसाय विचारला आणि म्हणाले, "मग अडचण काय? आधी बातमी लावा, दबाव येऊ द्या." मी फोन ठेवला. तिसऱ्यांनी कागद न पाहताच दावा शंभर टक्के जिंकू असं सांगितलं. त्यात दोन महिने गेले. मग एक दिवस दाजी म्हणाले, "आपला वकील हाये की घोडेगावला."

दाजींना आयुष्यात एकच वकील ठाऊक होता. शेजाऱ्याबरोबरच्या बांधाचा दावा त्यांनी अकरा वर्षं चालवला होता. मी म्हटलं, ते जमिनीचे वकील, दवाखान्याचं त्यांना काय कळणार. दाजी म्हणाले, "त्येंला माणूस कळतो. ह्ये बाकीचं कळणारा त्ये धुंडून देतील."

आम्ही गेलो तेव्हा गिरणी चालू होती. साहेबांनी सगळं ऐकलं आणि मला ओरडून सांगितलं, "घरी जा. काय झालं ते लिहून आणा. वार, वेळ, कोण काय बोललं. रागाचा एकबी शब्द नको. राग आला की तिथं फुली मारा आन् फुडं लिहा."

हे माझं रोजचं काम होतं. आठ दिवसांनी मी चार पानं नेली. एकही विशेषण नव्हतं. मंगळवारी सकाळपासून रविवारी सकाळपर्यंत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ धरून वाचले. मला वाटलं, कौतुक होईल.

"दहावा नाय यात," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दहाव्याचा काय संबंध?"

"मी व्हतो तिथं. मागं, टेंपोपाशी." मग दाजींकडे वळून, "तुमी काय वाचलं व्हतं, दाजी?"

गिरणी त्याच वेळी थांबली, पण साहेबांचा आवाज उतरायला वेळ लागला. बाहेर बसलेल्या बायकांना पुढचं सगळं ऐकू गेलं असणार.

"शर्थीचे प्रयत्न. ऋणी आहोत. कोणी लिहिलं ते?"

"मी," मी म्हटलं.

"पुण्याचा डॉक्टर काय बोलला व्हता, ते तवा ठाऊक व्हतं?"

"हो."

"मंग शर्थ केली, हे कशावरनं लिहिलं?"

बातमीदाराला रोज विचारायचा प्रश्न मला कोणी बऱ्याच दिवसांत विचारला नव्हता. ते रागावले नव्हते. चार पानं नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "लिहिणारा लिहितो, पत्रकार. त्याला वाटतं, मयताच्या दारात बरं दिसलं पायजे. पण समोरचा वकील ह्येच पयलं दाखवणार. आपली खोट आपणच आधी सांगायची. पाचवं पान लिहा."

निघताना म्हणाले, "कावळा अर्धा तास शिवला न्हाई, तवाच मला वाटलं, कायतरी राह्यलंय." मग बोट वर करून, "पण ह्ये दाव्यात लिहायचं नाय!"

वकीलपत्र मात्र त्यांनी घेतलं नाही. "मला रक्ताचा रिपोर्ट वाचता येत नाय. मी घेतलं तर तुमचं वाटोळं करीन. पण बांध चालून येतो."

रुग्णालयाकडे कागद मागायचा अर्ज त्यांनी दाजींच्या हातून लिहवून घेतला. "पोच घ्या. शिक्का असलेली. तोंडी बोललेलं गिरणीतल्या पिठासारखं असतं, समद्यांच्या अंगावर, कोणाच्याच हातात नाय." तीन दिवसांनी कागद मिळाले. त्यात नर्सच्या नोंदी होत्या. निळ्या शाईत, एकसारख्या अक्षरात, दर दोन तासांनी ताप आणि नाडी. बुधवारी संध्याकाळपासून गुरुवार रात्रीपर्यंत चार ठिकाणी लिहिलं होतं: "सर्जन सरांना फोनवर कळवले."

त्याच आठवड्यात साहेब त्या रुग्णालयात गेले. पेशंट म्हणून. केसपेपर काढला, सकाळी दहा ते दुपारी दोन बाकावर बसले, रक्तदाब तपासून घेतला. शेजारच्या आजीबाईंच्या गुडघ्याची पूर्ण हकिकत त्यांना पाठ झाली होती. बुटं त्यांनी बाहेर, चपलांच्या फळीवर काढली होती. तसा तिथे नियमच होता, पण ते मला म्हणाले, "अनवाणीच गेलतो."

"काय दिसलं?" मी विचारलं.

"पाटी. जिन्याच्या तोंडाशी, निळ्या रंगाची. कोणता डॉक्टर कधी येतो त्याची. तुमचा सर्जन मंगळवार आन् शनिवार."

आक्काचं ऑपरेशन मंगळवारी झालं होतं. शनिवार येईपर्यंत त्या इमारतीत तिचं पोट उघडून पाहू शकणारा माणूसच नव्हता. फोन गेले, पण माणूस आला नाही, आणि तो येत नाही म्हणून तिला वेळेत कोणी दुसरीकडे पाठवलंही नाही. मी तीन दिवस त्या पाटीखाली उभा राहून घरच्यांना फोन करत होतो. मी ती वाचली नव्हती.

"दवाखान्याचा मोठा डॉक्टर वाईट हाये, असं सिद्ध करायचं न्हाई आपल्याला," साहेब म्हणाले. "त्येनं लोकांची बाळंतपणं केलीत, अर्ध्या राती दार उघडलंय. जे करायला पायजे व्हतं ते त्या दोन दिवसांत केलं का, येवढंच इचारायचं."

मग ते आम्हाला पुण्याला वकील बघायला घेऊन गेले. बघायला हा त्यांचाच शब्द. स्थळ बघायला जावं तसे ते धुतलेला सदरा आणि कोट घालून मंचरच्या स्टँडवर हजर होते. सोबत पितळी डबा. पक्षकाराच्या घरचं आणि पक्षकाराच्या खर्चाचं ते दावा संपेपर्यंत काही खात नसत. अकरा वर्षांत दाजींच्या घरी त्यांनी पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. आक्काला याचा राग यायचा. ती म्हणायची, "आमच्या भाकरीत इख हाये का?" त्यावर ते म्हणत, "वैनी, तुमच्या हातचं खाल्लं की मला समोरच्याचं बरोबर दिसायचं बंद व्हईल." बांधाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना जेवायला बोलवायचं ठरलं होतं. त्या आठवड्यात आक्काचं पोट दुखायला लागलं.

पुण्यात दोन दिवसांत आम्ही तिघांना भेटलो. प्रत्येकाला आमची खोट आधी सांगून झाल्यावर साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "तुमी असली केस हरलाय का कधी? कशामुळं?" पहिल्यांनी हसून सांगितलं की ते अजून हरलेले नाहीत. साहेब उठले, नमस्कार केला, बाहेर आले. दुसऱ्यांनी दोष न्यायाधीशांना दिला. साहेबांनी तेवढाच नम्र नमस्कार केला.

तिसऱ्या एक बाई होत्या, पस्तिशीच्या. छोटं ऑफिस, भिंतीवर काही नाही. त्यांनी प्रश्न ऐकून फाईल बंद केली. म्हणाल्या, "हरले. मुलाची केस होती. तज्ज्ञ डॉक्टरचं मत मी उशिरा मागवलं. माझी चूक होती. त्याची आई दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते, ते मला अजून खाता येत नाही."

साहेबांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान हलवली. "बाई," साहेब म्हणाले, "ह्ये आमचे दाजी. साधा माणूस हाये. इचारल्याबिगर बोलायचा न्हाई, म्हणून तुमी इचारत जावा." जिना उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गावलं, राव. लई दिसांनी खरं बोलणारा वकील बघितला." आणि पुढची पायरी उतरत, "आरशात सोडून."

बाईंनी तज्ज्ञाचं मत सगळ्यात आधी मागवलं. नवव्या महिन्यात पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. अकराव्या महिन्यात रुग्णालयाचा जबाब आला. सोबत दहाव्याची चित्रफीत. मयताच्या पतीने शेकडो लोकांसमोर उपचारांबद्दल ऋण व्यक्त केले होते, आता ही तक्रार पैशांच्या लोभाने केली आहे, असं त्यात म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, कायद्याने याने फार बिघडत नाही, आपण उत्तर देऊ. पण कळंबमध्ये बिघडलं. ती चित्रफीत फोनाफोनी फिरली. पारावर माणसं दाजी आले की गप्प व्हायला लागली. एका चुलत्याने विचारलं, "उद्या आपल्यापैकी कोणाला ॲडमिट करायची येळ आली तर कुठं जायचं, राव?" दाजींच्या आईचे गुडघे त्याच डॉक्टरांकडे होते. त्यांनी गोळ्या घेणं बंद केलं. दाजी मला म्हणाले, "पावणं, काढून घिऊ का?"

मी त्यांना घोडेगावला घेऊन गेलो. साहेबांनी आधी गिरणीवाल्याला गिरणी थांबवायला सांगितलं. असं त्यांनी पूर्वी केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"काढून घ्यायचं तर घ्या, तुमचा दावा हाये," ते म्हणाले. "पण पैशाचा लोभ म्हणत्यात ना? त्येचं उत्तर पुण्यात दिऊन भागायचं न्हाई. आभार घाटावर मानले. घाटावरचं घाटावरच सांगा. वर्षश्राद्ध कधी हाये?"

वर्षश्राद्धालाही तोच मांडव, तोच माईक. मी पुन्हा लिहून दिलं. या वेळी प्रत्येक वाक्याला माझ्याकडे कागद होता. मजकुरात शेवटी नर्सचे आभार होते, नावासह. साहेबांनी तो वाचून नावावर फुली मारली. "तिची नोकरी हाये तिथं," म्हणाले.

मुख्य डॉक्टर त्या दिवशी आले नव्हते, पण त्यांचे कंपाउंडर होते. दाजी माईकपाशी गेले, माझा कागद उघडला, पाहिला आणि पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

"दहाव्याला मी वाचलं व्हतं," ते म्हणाले, "डॉक्टरांनी शर्थ केली म्हणून. ते मला म्हाईत नव्हतं. पावण्यांनी लिहिलं, मी वाचलं. दोघांचीबी चूक. शर्थ केली न्हाई, असंबी मी आज म्हणत न्हाई. त्ये बी मला म्हाईत न्हाई. म्हाईत करून घ्यायसाठीच दावा टाकलाय. तवर ते आभार मी ठेवून घेतो. निकालात शर्थ केली असं निघालं, तर ह्याच माईकवरनं, पाया पडून माघारी दिईन."

मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. तशी पद्धत नाही. चुलत्याने उठून दाजींना बसायला जागा करून दिली. दाजींच्या आईने पदर तोंडाला लावला. त्या संध्याकाळी त्यांनी गोळी घेतली.

मी मागे पाहिलं. वकीलसाहेब गाड्यांपाशी उभे होते. पंगत बसायच्या आत त्यांची स्कूटर निघून गेली होती.

निकाल तीन वर्षांनी लागला. आयोगाने नर्सच्या नोंदी आणि पाटीवरचे दोन वार ग्राह्य धरले. रुग्णालयाने आणि सर्जनने सेवेत कसूर केली, असं आदेशात स्पष्ट म्हटलं होतं. दहाव्याच्या चित्रफितीवर एक परिच्छेद होता: दुःखात औपचारिकपणे मानलेले आभार हा योग्य उपचाराचा पुरावा होत नाही. बाईंनी तो मला फोनवर दोनदा वाचून दाखवला.

त्या रविवारी दाजींनी साहेबांना कळंबला बोलावलं. दाजींच्या आईने पुरण घातलं. ते आले, बुटं काढली, ओट्यावर बसले. आता त्यांना ऐकायला कमी येत होतं, म्हणून आम्हालाच ओरडावं लागत होतं. दाजींनी पाट मांडला. म्हणाले, "साहेब, आता उठा. निकाल लागला. तुमचे आभार कसे मानू तेच कळंना."

"दवाखान्यानं अपील केलंय," साहेब म्हणाले. "परवा नोटीस येईल. बाईंचा फोन व्हता."

साहेबांनी पिशवीतून पितळी डबा काढला, झाकण उघडलं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. पाटावर न बसता ते आमच्या पंगतीच्या टोकाला, जमिनीवर बसले आणि दाजींकडे पाहून म्हणाले, "ते आभार बी सध्या ठेवून घ्या."